दार बंद, दिवा चालू

२०२० सालच्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. टाळेबंदी लागून पंधरा-वीस दिवस झाले होते. एका सकाळी चहाला एवढा उशीर का, म्हणून मी स्वयंपाकघरात डोकावलो आणि दारातच थबकलो. सूनबाई खिडकीपाशी उभ्या. अंगात पिवळे पोलके, कमरेला निळी चादर, डोक्याला माझा धुतलेला पंचा! हातात दुधाचा तांब्या, पुढ्यात पातेले, शेजारच्या टोपलीत दोन भाकऱ्या. नातू मोबाइल रोखून सूचना देत होता, "आई, हलू नकोस. धार बारीक सोड." आणि पाठीमागून सौ. बजावत होत्या, "रांगेत उभे राहून आणलेले दूध आहे ते. सांडलेत तर आज कोणालाच चहा नाही!"

चौकशीअंती कळले ते असे. आमच्या घरी व्हर्मीरचे 'दूधवाली' हे चित्र चालले होते. मूळ चित्र सतराव्या शतकातले, ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे. पण ही खोडी काढली होती अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने. २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे योगायोगाने आपल्याकडे देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, गेटीने साऱ्या जगाला आवाहन केले होते: आवडते चित्र निवडा, घरात सापडतील त्या वस्तूंनी ते उभे करा आणि फोटो आम्हांला दाखवा. कल्पना मूळची ॲमस्टरडॅममधल्या काही हौशी मंडळींची. गेटीने ती उचलली आणि हजारो घरांतून चित्रे येऊ लागली. कोणी उशीचा अभ्रा डोक्याला गुंडाळला, कोणी कुत्र्याला राजपुत्र केले. पुढे त्यांतल्या निवडक फोटोंचे पुस्तक निघाले आणि त्याच्या विक्रीतला नफा अडचणीत सापडलेल्या कलावंतांच्या मदतीसाठी ठेवण्यात आला.

आम्ही सगळे पोट धरून हसलो. चहाही मिळाला. पण नंतर मनात आले, हे एवढे मोठे संग्रहालय, त्याला आमच्या पातेल्याची गरज का पडावी?

कुलूप लागले, खर्च थांबला नाही

दुकान बंद ठेवले की निदान नवा माल भरावा लागत नाही. संग्रहालयाचे तसे नाही. माणसे आली नाहीत तरी जुन्या चित्रांना ठरावीक हवा आणि ठरावीक ओल लागते. यंत्रे रात्रंदिवस चालू ठेवावी लागतात. विम्याचे हप्ते सुटत नाहीत. पहारा तर अधिकच कडक हवा. हॉलंडमधल्या लारेन गावच्या सिंगर संग्रहालयाला हा धडा फार महाग पडला. ३० मार्च २०२० च्या पहाटे बंद संग्रहालयाचे दार फोडून चोरट्यांनी व्हॅन गॉगचे एक चित्र पळवले. नेमका तो व्हॅन गॉगचा जन्मदिवस! चित्रही त्यांचे स्वतःचे नव्हते, ग्रोनिंगनच्या संग्रहालयाकडून मागून आणलेले. ते परत मिळायला २०२३ साल उजाडले.

खर्च असा चालू आणि तिकीटखिडकी मात्र बंद. न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय १३ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाले. दीडशेव्या वाढदिवसाचा मोठा थाट ठरला होता. प्रत्यक्षात तो दिवस आला तेव्हा महिनाभर आधीपासून दाराला कुलूप होते. ते उघडले २९ ऑगस्टला. मधल्या काळात तुटीचा अंदाज १० कोटी डॉलरवरून १५ कोटींवर गेला आणि अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात २०१९ साली ९६ लाख माणसे आली होती, २०२० साली आली २७ लाख.

ऐंशी वर्षांपूर्वीचा एक शिलिंग

असा प्रसंग पहिल्यांदाच आला होता असे मात्र नाही. १९३९ साली युद्धाची घोषणा होण्याच्या सुमारास लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रे गाड्या भरभरून वेल्सकडे रवाना झाली. पुढे ती मॅनॉड येथल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत, डोंगराच्या पोटात ठेवली गेली. लंडनमध्ये उरल्या त्या रिकाम्या भिंती.

त्या रिकाम्या दालनांत मायरा हेस ह्या पियानोवादिकेने संगीत आणले. १० ऑक्टोबर १९३९ रोजी दुपारी पहिली मैफल झाली, ती त्यांनी स्वतःच वाजवली. तिकीट एक शिलिंग. कचेरीतले कारकून, गणवेशातले शिपाई, टंकलेखिका जेवणाच्या सुट्टीत येत, सँडविच खात आणि ऐकत. बाँबवर्षाव सुरू झाला तेव्हा मैफल तळघरात उतरली, पण थांबली नाही. १९४६ पर्यंत १,६९८ मैफली झाल्या आणि आठ लाखांवर श्रोते येऊन गेले. गरजू वादकांच्या मदतनिधीलाही त्यातून पैसा मिळाला.

पुढे १९४२ साली वर्तमानपत्रात एका वाचकाचे पत्र आले, की शहराची अशी दशा झालेली असताना आम्हांला सुंदर चित्रे पाहायला हवी आहेत. तेव्हापासून दरमहा एक चित्र खाणीतून लंडनला आणण्याची प्रथा पडली. दिवसा ते भिंतीवर, आणि हल्ल्याची वेळ आली की सुरक्षित तळघरात. एका चित्रासाठी हजारो माणसे येत.

तेव्हा चित्रे गेली होती आणि माणसे येत होती. २०२० साली नेमके उलटे झाले. चित्रे जागच्या जागी होती, माणसांनाच यायची बंदी होती. तेव्हा चित्रांनाच घराघरांत पाठवणे भाग पडले.

आठ पौंडांची फेरी

ह्याच नॅशनल गॅलरीत २०२० च्या एप्रिलमध्ये आर्टेमिसिया जेंटिलेस्की ह्या सतराव्या शतकातल्या इटालियन चित्रकर्तीचे मोठे प्रदर्शन भरायचे होते. ते लांबले, ऑक्टोबरमध्ये उघडले आणि नोव्हेंबरात पुन्हा टाळेबंदी आली. भिंतीवर चित्रे टांगलेली आणि समोर कोणी नाही! तेव्हा प्रदर्शनाची मांडणी करणाऱ्या तज्ज्ञ बाईंनीच दालनांतून फिरत माहिती सांगितली, त्याची अर्ध्या तासाची फिल्म झाली आणि ती आठ पौंड घेऊन इंटरनेटवर दाखवण्यात आली.

राइक्स म्युझियमने त्याच वर्षी मे महिन्यात रेम्ब्रांटच्या 'रात्रपहारा' ह्या चित्राचे ५२८ फोटो जोडून एक प्रचंड चित्र सर्वांना फुकट खुले केले. ते इतके बारीक दिसते, की प्रत्यक्षात दोरीच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसालाही रंगाच्या त्या भेगा दिसणार नाहीत.

लूव्रने मात्र श्रीमंतांच्या खिशाला हात घातला. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी इंटरनेटवरून लिलाव केला. मोनालिसाचे चित्र वर्षातून एकदा तपासणीसाठी काचेबाहेर काढतात, त्या वेळी हजर राहण्याचा मान ८०,००० युरोंना गेला! सारा लिलाव मिळून सुमारे २४ लाख युरो जमले आणि ते संग्रहालयाच्या सामाजिक कामांसाठी राखले गेले.

वाचकांना वाटेल, झाले तर मग, प्रश्न सुटला. तसे नाही. कोट्यवधींची तूट आठ पौंडांच्या तिकिटांनी भरत नाही. अमेरिकेत तर संग्रहातली चित्रे विकून देखभालीचा खर्च भागवण्यावरचे निर्बंधही काही काळ सैल झाले. ब्रुकलिन संग्रहालयाने क्रानाखचे एक चित्र विकले, त्याचे पन्नास लाख डॉलरांवर आले. बाल्टिमोरच्या संग्रहालयानेही तीन चित्रे काढायचे ठरवले होते, पण एवढा गहजब झाला की ऐन वेळी बेत सोडावा लागला. आजीच्या पाटल्या मोडून छप्पर शाकारावे की नाही, हा वाद आपल्या घरांतून काही नवा नाही. छप्पर गळत असते हे खरे, आणि पाटल्या परत होत नाहीत हेही खरे.

मोबाइलवर सारे सारखेच

नातवाने त्या दिवसांत मला लूव्रमधली दोन चित्रे दाखवली. मोनालिसा आणि व्हेरोनेसेचे लग्नाच्या मेजवानीचे चित्र. दोन्ही तळहाताएवढी. प्रत्यक्षात मोनालिसा जेमतेम ७७ सेंटिमीटर उंच आहे आणि ते मेजवानीचे चित्र जवळजवळ दहा मीटर रुंद. मोबाइलला लहानमोठे कळत नाही. शिवाय ज्या घरात एकच मोबाइल आणि तीन मुलांच्या शाळा, त्या घरात चित्रांचा नंबर लागणार कधी?

म्हणून मला वाटते, पडद्यावरचे चित्र हे दूरदेशी गेलेल्या माणसाच्या पत्रासारखे आहे. पत्राने धीर येतो, आठवण जागी राहते. पण पत्र येते म्हणून कोणी त्या माणसाची वाट पाहायचे सोडत नाही.

आपल्या मुंबईच्या संग्रहालयाचा जन्मच मुळी अशा खोळंब्यातून झाला. पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. इमारत १९१४ सालीच उभी राहिली, पण पहिले महायुद्ध पेटले आणि तिथे लष्करी रुग्णालय थाटले गेले. संग्रहालय म्हणून लोकांना दार उघडले १० जानेवारी १९२२ रोजी. शंभर वर्षे भरायच्या आधीच टाळेबंदीने ते दार पुन्हा लावायला लावले.

ते उघडल्यावर आम्ही घरची सगळी मंडळी गेलो. मी सवयीने सवलतीचे तिकीट विचारणार होतो. सौ. म्हणाल्या, "पुरते घ्या हो. इतके दिवस फुकट पाहिले ना?" आत लघुचित्रांच्या दालनात नातू एका चित्रापाशी बराच वेळ वाकून उभा राहिला. मोबाइल खिशातच होता. मी विचारले, "काय रे, फोटो नाही काढायचा?"

"थांबा आजोबा," तो म्हणाला, "आधी बघू तर द्या."

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन कुठे जावे, असा प्रश्न आपल्यालाही पडला असेल. गावातले संग्रहालय उघडे आहे. तिकीट पुरते घ्यावे, एवढेच सांगणे.