आलबेलची हाक ऐकणारा टायमर

रात्रीच्या पहाऱ्यावरील शिपायाने ठराविक वेळाने ‘आलबेल’ अशी हाक द्यावी आणि ती कानी पडताच चौकीतल्या नाइकाने निश्चिंत व्हावे, अशी पलटणीतली जुनी शिस्त होती. ‘ऑल इज वेल’ या इंग्रजी शब्दांचे शिपायांच्या तोंडी झालेले हे रूप पुढे मराठीत पुरते मुरले. मात्र त्या शिस्तीचे सारे बळ एका अलिखित कलमात होते : ठरल्या वेळी हाक आली नाही, तर कारणाची चौकशी करीत न बसता पहाऱ्याच्या जागी धावायचे. इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या पोटात ‘वॉचडॉग टायमर’ नावाचे जे लहानसे मंडल असते, त्याच्याकडे हीच नाइकाची चाकरी सोपवलेली आहे.

लिफ्ट, मोटारगाडी, धुलाईयंत्र, पंपाचा नियंत्रक यांच्या अंतर्यामी एक मायक्रोकंट्रोलर असतो आणि त्यात एकच प्रोग्राम अहोरात्र चालू असतो. विजेच्या दाबातील क्षणिक चढउतारामुळे किंवा प्रोग्राममध्येच दडून राहिलेल्या एखाद्या चुकीमुळे तो भलत्याच फेऱ्यात अडकला, म्हणजे यंत्र हँग होते. आणि घरच्या संगणकाचे बटण दाबायला जसा माणूस हजर असतो, तसा येथे बहुधा नसतो. म्हणून उलटे आकडे मोजणारा एक गणक नेमलेला असतो. मुदत संपण्यापूर्वी प्रोग्रामने त्याला पुन्हा मूळ आकड्यावर आणावयाचे, यालाच अभियंते ‘वॉचडॉगला किक मारणे’ म्हणतात. आणि तसे न घडता गणक शून्यावर पोहोचला, तर कोणाचाही मुलाहिजा न ठेवता तो मायक्रोकंट्रोलर रीसेट करतो. आर्डुइनो उनो या विद्यार्थिप्रिय बोर्डावरील एटीमेगा ३२८पी या चिपमध्ये ही मुदत सुमारे १६ मिलिसेकंदांपासून ८ सेकंदांपर्यंत ठरवता येते, आणि मुख्य घड्याळ बंद पडले तरी पहारा चुकू नये म्हणून तेथे वॉचडॉगसाठी १२८ किलोहर्ट्‌झचा स्वतंत्र आंदोलक दिलेला आहे.

या तत्त्वाची कसोटी ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाच्या बाबतीत लागली. हवामानाच्या नोंदी सुरू झाल्यानंतर थोड्याच दिवसांत यानाचा संगणक मधूनच रीसेट होऊ लागला. हवामानाचे कनिष्ठ कार्य एका सामायिक साधनाला कुलूप लावी. तेवढ्यात मध्यम अग्रक्रमाचे एखादे लांबलचक कार्य त्याला बाजूस सारी. आणि माहिती वाटून देणारे वरच्या अग्रक्रमाचे कार्य त्या कुलपापाशी ताटकळत राही. पुढच्या फेरीला देखरेखीचे कार्य पाही, तो मागचे काम अपुरे; मग ते संपूर्ण संगणक रीसेट करण्याचा हुकूम सोडी. त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर जाई, परंतु यान शाबूत राही. इकडे पृथ्वीवर अभियंत्यांनी प्रतिकृतीवर तोच दोष घडवून आणला आणि त्या कुलपासाठी अग्रक्रम-वारशाची, म्हणजे कुलूप धरणाऱ्या कार्याला ताटकळणाऱ्याचा अग्रक्रम तेवढ्यापुरता देण्याची, सोय चालू करणारा बदल मंगळावर पाठवला. हे निदान होईपर्यंत यान वाचले, ते त्या कठोर पहाऱ्यामुळे.

याउलट क्लेमेंटाइन या अमेरिकी यानाने १९९४ साली चंद्राचे मानचित्रण उत्तम रीतीने पार पाडले. पण ७ मे रोजी त्याचा संगणक भरकटला, दिशा सावरणारे झोतयंत्र सुमारे ११ मिनिटे पेटत राहिले, इंधन संपले आणि यान मिनिटाला ८० फेऱ्यांच्या वेगाने गरगरू लागले. जिओग्राफोस या लघुग्रहाची भेट कायमची हुकली. त्या संगणकात हार्डवेअरचा वॉचडॉग होता; तो वापरात आणलेला नव्हता.

तथापि वॉचडॉग केवळ चालू केल्याने कर्तव्य संपत नाही, कारण त्याची सारी भिस्त हाकेच्या सचोटीवर असते. मुख्य प्रोग्राम बंद पडला तरी टायमरचा इंटरप्ट, म्हणजे ठराविक वेळाने मुख्य प्रोग्रामला मध्येच थांबवून चालणारे छोटे काम, पुष्कळदा चालूच राहतो. त्यातूनच किक मारण्याची सोपी वाट धरणे म्हणजे शिपाई झोपला असता त्याच्या वतीने आलबेल पुकारणारे यंत्र बसवण्यासारखे आहे. योग्य रीत अशी, की प्रत्येक कार्याने आपली हजेरी स्वतंत्रपणे लावावी आणि सगळ्यांची हजेरी भरली तरच एकाच ठिकाणाहून किक जावी. ‘विंडो’ पद्धतीचा वॉचडॉग तर याहून चिकित्सक असतो : तो उशिराइतकीच घाईही कसूर मानतो, कारण फेऱ्यात अडकलेला प्रोग्राम भराभर हाका देत सुटण्याचा संभव असतो. शिवाय रीसेट कशाने झाले याची नोंद चिपच्या रजिस्टरात उमटते. ती वाचून जपल्याखेरीज मूळ दोष सापडत नाही.

या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्या अभियंत्यांना म्हणूनच एक आग्रहाचे सांगणे आहे. आपले यंत्र माणसापासून दूर रवाना करण्याआधी त्याचा प्रोग्राम एकदा मुद्दाम हँग करावा, हात मागे घ्यावा आणि ते आपले आपण भानावर येते की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.