‘दिग्दर्शक’ म्हणजे नक्की कधीपासून? श्योमानच्या निमित्ताने

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या खर्ड्यात एक निरुपद्रवी वाक्य होतं: ‘विल्गोट श्योमान (१९२४–२००६) हा स्वीडिश चित्रपट दिग्दर्शक.’ गाईडनी ‘दिग्दर्शक’भोवती पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, “कधीपासून?” मी गप्प.

उत्तर सोपं होतं, मी शोधलंच नव्हतं. श्योमान आधी कादंबरीकार. त्याची ‘लेक्टोर्न’ ही कादंबरी १९४८ची. तिच्यावर गुस्ताफ मोलांडरने १९५२मध्ये ‘त्रोत्स’ हा चित्रपट काढला, पटकथा श्योमानचीच. स्वतः दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट मात्र थेट १९६२चा. मी फिल्मोग्राफी समोर ठेवून टेबल बनवलं होतं, त्यामुळे मधली १४ वर्षं माझ्या लेखी घडलीच नव्हती! साधनांची यादी कुठून सुरू करता, यावरच अर्धा निष्कर्ष ठरून जातो.

आता त्याचं माझं सगळ्यात आवडतं पुस्तक. इंगमार बर्गमन ‘विंटर लाइट’ बनवत असताना श्योमान त्याच्या मागे मागे होता आणि रोजनिशी लिहीत होता. ती १९६३मध्ये ‘एल १३६’ नावाने छापून आली (हा त्या चित्रपटाचा निर्मिती क्रमांक). प्राथमिक साधन म्हणून सोनंच. पण मित्रांनो, जरा थांबा. लिहिणारा काही तटस्थ निरीक्षक नाही. तो त्याच सुमारास स्वतः दिग्दर्शक होऊ पाहतोय आणि समोर गुरू आहे. शिवाय ही रोजनिशी कपाटात सापडलेली नाही, छापण्यासाठी निवडून दिलेली आहे. म्हणून ती फेकून द्यायची का? मुळीच नाही. बर्गमनबद्दल ती जेवढं सांगते, तेवढंच श्योमानबद्दलही सांगते, आणि माझा विषय तर श्योमानच आहे.

खरी फजिती ‘आय अ‍ॅम क्युरियस’मध्ये झाली. ‘यलो’ १९६७चा, ‘ब्लू’ १९६८चा. स्वीडनच्या झेंड्याचे दोन रंग. त्यात श्योमान ‘विल्गोट श्योमान’ नावाच्या दिग्दर्शकाचीच भूमिका करतो. त्याच्या तोंडचं एक वाक्य मी ‘श्योमानचं मत’ म्हणून उद्धृत केलं होतं. ते पात्राचं वाक्य! पण त्याच चित्रपटात दिसणारे ओलोफ पाल्मे आणि मार्टिन ल्यूथर किंग मात्र खरे. म्हणजे एकाच रिळात काही दस्तऐवज, काही कल्पित. प्रत्येक प्रसंग वेगळा तपासावा लागतो.

‘यलो’ अमेरिकेच्या कस्टम्सने अश्लील म्हणून अडवला होता. अपील कोर्टाने तो सोडवला. पुढे मेरिलँड राज्यातल्या बंदीचं प्रकरण १९७१मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती डग्लस सहभागी झाले नाहीत, मतं पडली ४-४, आणि बंदी तशीच राहिली. बऱ्याच जणांना वाटतं की सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट अश्लील ठरवला. तसं नाही. बरोबरीत खालचा निकाल कायम राहतो एवढंच. त्यातून पुढच्या खटल्यांसाठी दंडक तयार होत नाही. दुय्यम लेखांवर विसंबू नका, निकालाचा कागद वाचा. तो एवढासा आहे, चहा संपायच्या आत वाचून होतो.

सिनॉप्सिसमधलं ते वाक्य आता ‘स्वीडिश कादंबरीकार, आणि १९६२पासून चित्रपट दिग्दर्शक’ असं आहे. गाईडनी या वेळी ‘स्वीडिश’वर गोल केलाय.