घर दुरुस्तीला काढताय? आधी धूर बाहेर काढा

सेलू, देवळी, हिंगणघाटकडच्या वस्त्यांत आरोग्याच्या कामाने फिरताना आम्हाला एकच चित्र दिसतं. दर्शनी भागाला नव्या टाईल्स, मागे काळवंडलेलं, खिडकी नसलेलं स्वयंपाकघर आणि आत खोकणारी माय.

पहिल्यांदा दुरुस्ती काढताना पैसा मोजकाच असतो. म्हणून खर्चाची यादी आरोग्यापासून सुरू करा.

पहिलं, हवा. चुलीवर धुराडं आणि समोरासमोर खिडक्या हव्यात. कोंदट खोलीत क्षयाचा संसर्ग लवकर पसरतो.

दुसरं, छत. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असतं. त्याच्या धुळीने अनेक वर्षांनीही फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. पत्रा कोरडा कापू-फोडू नका. पाणी मारून अख्खा उतरवा.

तिसरं, शौचालय. दोन शोषखड्ड्यांचं बांधा, विहिरीपासून लांब. एक भरला की दुसरा वापरा. बंद ठेवलेल्या खड्ड्यात दोनेक वर्षांत खत होतं. कुणालाच मैल्यात हात घालावा लागत नाही. २०१३ च्या कायद्याने ती प्रथा बंद केली. आपल्या अंगणातही ती नको.

घर कच्चं असेल तर ग्रामपंचायतीत रमाई आवास योजनेची चौकशी करा. आणि मिस्त्रीला बोलावण्याआधी चुलीपुढे बसणारीला विचारा. टाईल्स उरलेल्या पैशांत.