कुंभात हेलिकॉप्टरची फेरी मारायची? पैसे देण्याआधी एवढे समजून घ्या

मुकुटबन : नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचे वेध आता झरी जामणी तालुक्यातही लागले आहेत. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आणि २०२७ च्या पावसाळ्यात अमृतस्नान, असा कार्यक्रम जाहीर झालेला आहे. २०२५ मध्ये आपल्या भागातून बरेच जण प्रयागराजला जाऊन आले. त्या मेळ्यात पाण्यात डुबकी मारण्याइतकीच चर्चा झाली ती संगमावरून मारलेल्या हेलिकॉप्टरच्या फेरीची. मोबाईलवर ते व्हिडिओ पाहिलेले लोक आता विचारतात, "आपल्याला नाशिकले अशी फेरी मारता येईल का? पैसे किती लागतात? अन् त्यात धोका किती?"

प्रश्न बरोबर आहेत. आपल्या भागात हेलिकॉप्टर दिसते ते निवडणुकीत, नेता सभेला आला की. त्यामुळे तिकीट काढून त्यात बसायचे म्हणजे काय, हे बहुतेकांना माहीत नसते. या माहिती नसण्याचाच फायदा भामटे घेतात. म्हणून हा विषय सुरुवातीपासून पाहू.

फेरी म्हणजे नेमके काय?

हेलिकॉप्टरच्या प्रवासाचे तीन प्रकार आहेत. त्यांची गल्लत करू नये.

पहिला प्रकार म्हणजे फेरी, ज्याला इंग्रजीत जॉय राइड म्हणतात. ज्या हेलिपॅडवरून उडायचे तिथेच परत उतरायचे. वरून शहर, नदी, घाट पाहायचे आणि खाली यायचे. तिकीट माणशी असते. दुसरा प्रकार म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणारी सेवा, जशी गुप्तकाशी, फाटा, सिरसी इथून केदारनाथला जाते. तिसरा म्हणजे अख्खे हेलिकॉप्टर भाड्याने घेणे. लग्नात नवरदेव उतरतो तो हा प्रकार. यात भाडे तासावर असते आणि ते लाखाच्या वर जाते. शिवाय उतरण्याच्या जागेसाठी प्रशासनाची परवानगी काढावी लागते ती वेगळीच.

प्रयागराजच्या महाकुंभात, म्हणजे १३ जानेवारी ते २६ फेब्रुवारी २०२५ या काळात, उत्तर प्रदेश पर्यटन खात्याने पहिल्या प्रकारची फेरी सुरू केली होती. आधी दर ३००० रुपये सांगितला होता, तो कमी करून माणशी १२९६ रुपये केला. फेरी सात ते आठ मिनिटांची होती. अहमदाबादलाही साबरमतीच्या काठावरून २०२२ मध्ये अशीच फेरी सुरू झाली होती.

आता हिशेब करून पाहा. १२९६ रुपयांत साडेसात मिनिटे धरली तर मिनिटाला जवळपास १७३ रुपये पडतात. घरचे चौघे बसले तर ५१८४ रुपये. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता. म्हणजे चौघांची साडेसात मिनिटे जवळपास ६४ किलो कापसाची झाली. हौसेला मोल नसते हे खरे, पण मोल किती ते आधी माहीत असावे.

नदीवरून उडण्याची जुनी गोष्ट

प्रयागराजच्या नदीवरून विमान उडणे काही आजचे नाही. १८ फेब्रुवारी १९११ ला, जेव्हा विमान म्हणजे लाकूड आणि कापडाचा सांगाडा होता, तेव्हा हेन्री पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून उडून यमुना ओलांडली आणि तो नैनीला उतरला. अंतर सुमारे दहा किलोमीटर, वेळ तेरा मिनिटे आणि सोबत साडेसहा हजारांच्या आसपास पत्रे. जगातली पहिली अधिकृत विमान टपाल सेवा म्हणून तिची नोंद आहे.

वरून नाशिकही पाहण्यासारखे आहे. मधून गोदावरी, एका बाजूला पंचवटी आणि काळाराम मंदिर, दुसऱ्या बाजूला जुने नाशिक, मध्ये रामकुंड आणि अहिल्याबाई होळकर पूल, वरच्या अंगाला गंगापूर धरण आणि आजूबाजूला द्राक्षबागा. मात्र ज्या काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह सुरू केला, ते दार वरून दिसत नाही. त्यासाठी चालतच जावे लागते.

वजन काहून करतात?

फेरीच्या आधी प्रत्येकाला वजनकाट्यावर उभे करतात. काही लोकांना त्याचा राग येतो. पण ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

हेलिकॉप्टरच्या डोक्यावरची पाती हवा खाली ढकलतात, त्या जोरावर ते वर जाते. ज्यांनी फवारणीचा ड्रोन पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल. टाकी भरली की ड्रोन जड उठतो, रिकामी झाली की हलका होतो. हेलिकॉप्टरचेही तेच. इंधन, वैमानिक, प्रवासी आणि सामान मिळून ठराविक वजनाच्या वर जाता येत नाही. वजन एका बाजूला झाले तर तोल जातो, म्हणून कोण कुठे बसेल हे तिथले कर्मचारी ठरवतात. नवरा-बायकोला शेजारी बसवले नाही म्हणून भांडू नये.

दुसरी गोष्ट हवेची. हवा गरम झाली की विरळ होते आणि विरळ हवेत पात्यांना पकड कमी मिळते. उंच डोंगरावरही हवा विरळच असते. केदारनाथ साडेतीन हजार मीटरपेक्षा उंच आहे, तिथे वजनाचा हिशेब आणखी कडक असतो. तेव्हा फॉर्म भरताना वजन कमी सांगू नका. त्यात फसवणूक आपलीच आहे.

१५ जून २०२५ ची आठवण

हेलिकॉप्टरचा विषय निघाला की वणी परिसरात आजही लोक गप्प होतात. १५ जून २०२५ च्या पहाटे केदारनाथहून गुप्तकाशीकडे परतणारे हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळ कोसळले. वैमानिकासह सातही जण गेले. त्यात आपल्या वणीचे तिघे होते, एक लहान लेकरूही होते. त्याच्या महिनाभर आधी, ८ मे २०२५ ला, उत्तरकाशी जिल्ह्यात गंगोत्रीकडे जाणारे हेलिकॉप्टर कोसळून सहा जणांचा जीव गेला होता.

या घटनांवरून सगळीच हेलिकॉप्टरे धोक्याची, असे म्हणणे चूक ठरेल. सपाट शहरावरून सात मिनिटांची फेरी आणि अरुंद दरीतून डोंगर चढणारा प्रवास यात फरक आहे. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे, ती म्हणजे हवामान. अशा फेऱ्यांमध्ये वैमानिक डोळ्यांनी बाहेर पाहूनच हेलिकॉप्टर चालवतो. ढग खाली आले, धुके आले, पावसाची सर आली की पुढचे दिसत नाही. गौरीकुंडच्या अपघातानंतरही सुरुवातीच्या माहितीत खराब हवामान आणि कमी दिसणे हेच कारण पुढे आले होते.

म्हणून एक नियम घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावा. वैमानिक "आज उडत नाही" म्हणाला तर त्याचे ऐकायचे. "आम्ही इतक्या लांबून आलो, पैसे भरले, एक फेरी मारून द्या" असा आग्रह धरायचा नाही. आणि आभाळ भरलेले असताना कोणी "काही होत नाही, बसा" म्हणाले, तर आपण स्वतः मागे फिरायचे. बुडाले तर पैसे बुडतील.

नाशिकला पावसाळा आडवा येणार

प्रयागराजचा मेळा हिवाळ्यात होता. तिथे अडचण होती ती सकाळच्या धुक्याची. नाशिकची अमृतस्नाने आहेत २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ ला. त्र्यंबकेश्वरचे तिसरे स्नान १२ सप्टेंबरला आहे. म्हणजे ऐन पावसाळा. त्र्यंबकेश्वर ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी आहे आणि त्या दिवसांत डोंगरावर ढग उतरलेले असतात. अशा वेळी दिवस दिवस उड्डाण बंद ठेवावे लागू शकते. गर्दीच्या दिवशी बंदोबस्तासाठी आभाळातली वाहतूकही थांबवता येते.

तेव्हा कोणी आतापासूनच "अमृतस्नानाच्या दिवशीची हेलिकॉप्टर फेरी पक्की" असे सांगून ॲडव्हान्स मागत असेल तर तो आभाळ विकतो आहे असे समजा. अशा सेवेची घोषणा, दर आणि बुकिंगची जागा सरकारी यंत्रणा जाहीर करते. ते होईपर्यंत कोणालाच एक रुपया द्यायचा नाही.

तिकीट काढताना काय पाहायचे?

भारतात नागरी विमान आणि हेलिकॉप्टरवर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे नियंत्रण असते. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या कंपनीला त्यांचा परवाना लागतो. परवाना असलेल्या कंपन्यांची यादी डीजीसीएच्या वेबसाइटवर पाहता येते. भारतात नोंदलेल्या प्रत्येक हेलिकॉप्टरवर 'व्हीटी' या अक्षरांनी सुरू होणारा नंबर असतो. गाडीची नंबर प्लेट पाहतो तसा तो पाहावा.

तिकीट काढण्याआधी पाच गोष्टी विचारून घ्या. उडवणारी कंपनी कोणती? सांगितलेली मिनिटे हवेतली आहेत की बसण्या-उतरण्यासकट? दरात जीएसटी धरला आहे का? हवामानामुळे फेरी रद्द झाली तर पैसे किती दिवसांत परत मिळतील? वजनाची आणि सामानाची मर्यादा किती? उत्तरे तोंडी नको, तिकिटावर किंवा वेबसाइटवर लिहिलेली पाहिजेत. तिकीट आणि पावती घरच्या दुसऱ्या माणसाच्या मोबाईलवरही पाठवून ठेवा. आधार कार्ड सोबत लागते.

फसवणूक अशी होते

केदारनाथच्या हेलिकॉप्टर तिकिटांच्या नावाने खोट्या वेबसाइट काढून लोकांना लुटल्याचे प्रकार बरेच झाले. महाकुंभातही खोट्या बुकिंगपासून सावध राहा, असे पोलिसांना सांगावे लागले.

पद्धत ठरलेली असते. माणूस मोबाईलवर शोधतो. सगळ्यात वर जाहिरात दिसते. वेबसाइट हुबेहूब सरकारीसारखी, देवाचा फोटो, खाली व्हॉट्सॲप नंबर. समोरचा गोड बोलतो, "सीट दोनच उरल्या" म्हणतो आणि कोणाच्या तरी खासगी खात्यावर यूपीआयने पैसे मागतो. तिकीट म्हणून एक पीडीएफ पाठवतो. मग विम्याचे इतके, पडताळणीचे इतके, असे आणखी मागतो. शेवटी "रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणतो आणि उरलेलेही काढून घेतो. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

केदारनाथची तिकिटे आयआरसीटीसीच्या हेलियात्रा या वेबसाइटवरच मिळतात आणि त्याआधी यात्रेची नोंदणी करावी लागते. प्रयागराजची फेरी उत्तर प्रदेश पर्यटन विकास महामंडळाच्या वेबसाइटवरून बुक होत होती. म्हणजे खरी वेबसाइट प्रत्येक ठिकाणची वेगळी असते. तिचा पत्ता सरकारी जाहिरातीतून किंवा पर्यटन खात्याच्या पानावरून घ्यावा. व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत आलेल्या लिंकवरून घेऊ नये.

हेलिपॅडवर गेल्यावर

पाती फिरत असताना धावत जाऊ नका. कर्मचारी हात करेल तेव्हाच, समोरून किंवा बाजूने, वैमानिकाला दिसेल असे जा. मागच्या बाजूला कधीच जायचे नाही. शेपटीचा छोटा पंखा इतका वेगात फिरतो की दिसतच नाही. टोपी, गमछा, ओढणी, साडीचा पदर घट्ट धरा किंवा खोचून घ्या. छत्री उघडू नका, हात वर करू नका आणि सेल्फीची काठी बॅगेतच राहू द्या. बेल्ट कसा लावायचा हे दाखवतात, तो सोडायचा कसा हेही आपल्या हाताने एकदा करून पाहा. आवाज फार असतो, म्हणून कानाला लावायला देतात ते काढू नका. हृदयाचा त्रास, नुकतेच ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तान्ह्या बाळाला सात मिनिटांसाठी वर न्यायचे की आजीजवळ खाली ठेवायचे, याचा घरात आधी विचार करा.

आणि फेरी नाही जमली तरी यात्रा वाया जात नाही. वणीहून नंदीग्राम एक्सप्रेस नाशिक रोडला जाते. तिथे पांडवलेणीच्या टेकडीवर पायऱ्या चढून गेले की शहराचा मोठा भाग वरून दिसतो, आणि त्याला वजनकाटा लागत नाही.

शेवटी एक काम आजच करा. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. पैसे गेल्याचे कळताच लाजत बसू नका, लगेच फोन लावा, यूपीआय व्यवहाराचा नंबर सांगा आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या. जितक्या लवकर फोन जाईल, तितकी ते पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवण्याची शक्यता जास्त.