गाण्याचे देणे : कोल्हापुरातील शतकभराचा मागोवा

पैसे न मोजता गाणे उतरवून घेणे नैतिक आहे काय, हा प्रश्न इंटरनेटने निर्माण केला असे सामान्यतः मानले जाते. परंतु कोल्हापूरच्या संगीतजीवनाचा मागोवा घेतला, तर दुसऱ्याचे गाणे कोणत्या अटीवर आपलेसे करावे याविषयीचे संकेत येथे कॉपीराइटच्या कायद्याआधीपासून रूढ होते, आणि प्रत्येक नव्या यंत्रासरशी त्यांतला काही ना काही भाग गळून पडत गेला, असे दिसून येते.

राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने करवीर दरबारी राहिलेले जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादियाखाँ (1855–1946) यांच्या गायनाचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यांच्या घराण्यात चीज, म्हणजे विशिष्ट रागात बांधलेली शब्दस्वरांची रचना, ही मिळकतीइतकीच जपली जाई. गंडाबंधनाचा, म्हणजे गुरूने शिष्याच्या मनगटाला धागा बांधून त्याचा स्वीकार करण्याचा, विधी झाल्यावरच विद्या मिळे, आणि तीही गुरूच्या मर्जीने. लहानपणी कोल्हापुरात काही महिने अब्दुल करीमखाँकडे शिकलेल्या केसरबाई केरकर 1921 मध्ये अल्लादियाखाँच्या गंडाबंध शिष्या झाल्या, त्या याच शिस्तीत वाढल्या. या बंदिस्तपणामुळे पुष्कळ विद्या गुरूबरोबरच लोपली असणार, हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. तरीही त्या व्यवस्थेत एक गोष्ट पक्की होती : उस्तादाचे नाव घेताना शिष्य कानाच्या पाळीला हात लावी, आणि घेतलेल्या चिजेवर घराण्याची मुद्रा राही. गाण्याचे देणे दोन प्रकारांनी चुकवले जाई, दामाने आणि नावाने. दाम देण्याची ऐपत नसलेला शिष्य सेवा करी, पण नावाच्या देण्यातून कोणाचीच सुटका नसे.

ग्रामोफोनने हा व्यवहार बदलला, तरी मोडला नाही. 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची असल्याने तीत रागाची केवळ ओळख मावे. केसरबाई ध्वनिमुद्रणाबाबत फार चोखंदळ होत्या, म्हणून त्यांच्या तबकड्या मोजक्याच आहेत. त्यांपैकी एक भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. तबकडीवर गायकाचे नाव छापलेले असे, आकाशवाणीचा निवेदक गीतकार आणि संगीतकार यांचीही नावे सांगे, त्यामुळे घरी फुकट ऐकणाऱ्यालाही गाणे कोणाचे हे ठाऊक होई. पुढे स्पूलचे टेपरेकॉर्डर आले, तेव्हा रसिकांनी खासगी मैफली, अनेकदा गायकाला न विचारता, मुद्रित केल्या आणि आपापसांत वाटल्या. विनापरवाना मुद्रणाच्या या प्रकाराचा निषेध करणे सोपे आहे. परंतु जुन्या पिढीचे विस्तृत गायन आज ऐकायला मिळते, त्याचे बरेचसे श्रेय या हौशी संग्राहकांना द्यावे लागते. त्यांनी दाम दिला नाही, पण नाव, राग, तारीख आणि साथीदार ही नोंद डब्यावर कसोशीने लिहिली.

कॅसेटच्या काळात, विशेषतः 1980 नंतर, ही नोंद पुसट होऊ लागली. महाराष्ट्रातील इतर शहरांप्रमाणे कोल्हापुरातही दुकानदार निवडक गाण्यांची कॅसेट भरून देत. ग्राहकाने कागदावर गाण्यांची यादी द्यायची, दुकानदाराने दोन डेकच्या यंत्रावर साठ किंवा नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटमध्ये ती उतरवायची, आणि आतल्या पट्टीवर बॉलपेनने गाण्यांची पहिली ओळ लिहायची, असा हा व्यवहार होता. गीतकाराच्या नावाला त्या पट्टीवर जागा नसे. 1984 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यातील शिक्षा वाढवली, तरी ग्राहकाला आपण काही गैर करतो आहोत असे वाटत नसे, कारण त्याने पैसे मोजलेलेच असत. ते चुकीच्या हाती पडत होते, एवढेच.

फुकट गाणे घेणाऱ्याचा सर्वांत वजनदार युक्तिवाद या काळातच रुजला : पैसे दिले तरी ते कलावंतापर्यंत पोचतात कुठे? या युक्तिवादाला कायद्याचाच आधार होता. कोल्हापुरात राहून अध्यापन करता करता शेकडो चित्रपटगीते लिहिणारे जगदीश खेबुडकर (1932–2011) ज्या चित्रपटव्यवस्थेत लिहीत होते, तीत मोबदला देऊन लिहून घेतलेल्या गीताचा पहिला मालक निर्माता ठरे. सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये, संगीतकार-गीतकारांची संस्था आयपीआरएस आणि चित्रपट निर्मात्यांची संघटना यांच्यातील खटल्यात, वेगळा करार नसेल तर हक्क निर्मात्याकडेच जातो असा निर्णय दिला. त्या निकालाला जोडलेल्या टिपणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाच्या कलेला कायद्यात स्थान नाही, याकडे लक्ष वेधले. गायक-वादकांना सादरकर्ता म्हणून हक्क 1994 च्या दुरुस्तीने मिळाला. चित्रपटाबाहेर गाणे वापरले गेल्यास गीतकार-संगीतकारांना मानधनाचा वाटा सोडून देता येणार नाही, ही तरतूद जून 2012 मध्ये अमलात आली. खेबुडकर मे 2011 मध्ये गेले.

म्हणजे तक्रार खरी होती; पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष खरा नव्हता. निर्मात्याने गीतकाराला कमी दिले म्हणून श्रोत्याने काहीच देऊ नये, असे म्हटल्याने गीतकाराच्या पदरात काही पडत नाही. उलट पुढच्या कराराच्या वेळी त्याची किंमत आणखी घटते, कारण जे विकले जात नाही त्यासाठी कोणी जास्त मोजत नाही.

एमपी3 आल्यावर 700 मेगाबाइटच्या एका सीडीत दीडशेच्या आसपास गाणी मावू लागली, आणि त्यानंतरच्या दशकात मोबाइलच्या दुकानांतून दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळू लागले. दुकानाच्या संगणकावर लावणी, भक्तिगीते, भावगीते, रिमिक्स असे फोल्डर असत आणि अख्खा फोल्डर एका दमात कार्डात उतरे. जिथे गायकाचे नाव दिसावे, तिथे पुष्कळदा गाणे पुरवणाऱ्या संकेतस्थळाचा पत्ता दिसे. दाम बुडाला त्याची चर्चा पुष्कळ झाली. नाव बुडाले त्याची फारशी झाली नाही, आणि कोल्हापूरसारख्या गावात हीच हानी मोठी मानली पाहिजे, कारण इथल्या तरुण श्रोत्याच्या खिशात आपल्याच गावच्या कवीची गाणी बिननावाची फिरत होती. कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 मध्ये निर्मितीवर आपले नाव असण्याचा लेखकाचा हक्क 1957 पासून नमूद आहे. तो मोडल्याबद्दल कार्ड भरणाऱ्याला कोणी जाब विचारल्याचे क्वचितच ऐकिवात येते.

2016 नंतर डेटा स्वस्त झाला आणि उतरवून घेण्याची गरजच ओसरली. जाहिराती ऐकून किंवा वर्गणी भरून गाणे कायदेशीरपणे मिळते, त्यातून कलावंताच्या वाट्याला थोडे तरी येण्याची सोय आहे, आणि नावेही बहुधा दिलेली असतात, जरी गीतकाराचे नाव पाहायला एखादी खिडकी जास्त उघडावी लागते. दरम्यान केसरबाईंच्या जुन्या तबकड्या मोफत उतरवून घेण्यात आज कायद्याची आडकाठी उरलेली नाही, कारण ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. याच हिशेबाने 1972 च्या ‘पिंजरा’ या चित्रपटातील गाण्यांच्या ध्वनिमुद्रणावरील हक्क 2032 अखेर संपेल, त्या गाण्यांतील खेबुडकरांच्या शब्दांवरील हक्क मात्र कवीच्या निधनानंतर साठ वर्षे, म्हणजे 2071 अखेरपर्यंत, राहील, आणि नावाच्या हक्काला कलम 57 ने मुदत घातलेली नाही.