पायातली गोदावरी

रामकुंडाच्या पायऱ्यांवर पाय सोडून कधी बसला आहात का? नाशिकचे असाल तर नक्कीच! गप्पांच्या नादात वेळ जातो आणि उठायला जावं तर पाय बधिर! मग झणझण मुंग्या. दगडाच्या कडेनं मांडीची मागची बाजू दाबली गेली, की तिथून जाणाऱ्या सायटिक नसेचे निरोप अडतात.

नस म्हणजे इथे रक्तवाहिनी नव्हे बरं का! हा आहे मेंदूचे निरोप नेणारा-आणणारा मज्जातंतू, आणि तोही शरीरातला सगळ्यात जाड. सुरुवातीला ही नस जवळजवळ 2 सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे बाबांच्या अंगठ्याएवढी. आजी म्हणते ना, ‘सायटिकानं पाय धरलाय’, ते दुखणं हिचंच.

पाठीच्या कण्याच्या खालच्या भागातून निघालेले पाच धागे एकत्र येऊन ही नस बनते. कुल्ल्यात ‘पिरिफॉर्मिस’ नावाचा स्नायू आहे. नाव अवघड, अर्थ सोपा : नासपतीच्या आकाराचा! त्याच्या खालून नस बाहेर पडते, मांडीच्या मागून उतरते आणि गुडघ्याच्या थोडं वर दोन फाटे फुटतात. ‘टिबियल’ फाटा पोटरीतून तळपायाकडे जातो. ‘पेरोनियल’ फाटा बाहेरच्या बाजूला वळतो. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या अंगाला हात लावून पाहा. हाडाचा उंचवटा लागला? त्याच्या जरा खालून हा फाटा वळसा घालतो. पाऊल वर उचलायचं काम याचं. त्याला इजा झाली, तर चालताना पाऊल लोंबतं.

आपली गोदावरीही अशीच आहे. ती त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, सगळा देश आडवा ओलांडते आणि पार आंध्र प्रदेशात, राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरमजवळ, गौतमी आणि वसिष्ठा अशी दुभंगते. फरक एवढाच, की नदी एकाच दिशेनं वाहते. नसेतले निरोप मात्र जातात आणि येतातही.

अजून एक फरक आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे. गोदावरी कुठे दुभंगते ते नकाशात कायमचं ठरलेलं. सायटिक नसेचं तसं नाही! कुणाची गुडघ्याजवळ फाटते, कुणाची मांडीच्या मध्यावर, तर कुणाची कमरेतून बाहेर पडण्याआधीच. काही जणांत एक फाटा चक्क पिरिफॉर्मिसच्या आरपार जातो आणि दुसरा खालून. 1937 साली बीटन आणि अ‍ॅन्सन या दोन संशोधकांनी नस आणि स्नायूच्या या जोडीचे सहा प्रकार मांडले. साधारण शंभरातल्या 85 ते 90 पायांत पुस्तकातल्यासारखीच रचना सापडते. उरलेल्यांत वेगळी. कधी तर एकाच माणसाचा डावा पाय एक सांगतो नि उजवा दुसरंच!

मग ही माणसं आजारी असतात का? बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. कारण सायटिक नस मुळात दोन नसांची जोडी आहे. शाळेत जाताना दोघांनी एक छत्री घ्यावी, तशा त्या एका आवरणात शेजारी शेजारी चालतात. छत्रीतून कोण कधी बाहेर पडलं, एवढाच प्रश्न.

डॉक्टरांना मात्र हा प्रश्न सोडून देता येत नाही. पावलाचं ऑपरेशन करताना पुष्कळदा पूर्ण भूल न देता गुडघ्याच्या मागे इंजेक्शन देऊन नस बधिर करतात. पण नस वरच फाटली असेल, तर औषध एकाच फाट्याला लागायचं आणि अर्धं पाऊल जागंच राहायचं! कल्पना करा! म्हणून आता सोनोग्राफीच्या पडद्यावर नस शोधून मग सुई टोचतात.

हे शिकायचं कुठे? नाशिकजवळ आडगावला मविप्र समाजाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, 1990 साली सुरू झालेलं. तिथे काय किंवा राज्यात कुठेही काय, डॉक्टर होऊ पाहणारी ताई-दादा मंडळी पहिल्याच वर्षी देहदानातून मिळालेल्या देहांवर शरीररचना शिकतात. आपल्याकडे 1949 पासून त्यासाठी कायदाही आहे. पुस्तकात सगळ्यांची नस एकसारखी. पण टेबलावरच्या आजोबांची निराळी निघू शकते. त्या आजोबांनी जिवंतपणी अर्ज भरून ठेवला नसता, आणि घरच्यांनी डोळे पुसत तो पाळला नसता, तर हे कळणार कसं?

आता तुमच्या कामाचं. डॉक्टरकाका कुल्ल्यावर इंजेक्शन देतात, तेव्हा नेहमी वरच्या, बाहेरच्या कोपऱ्यात देतात. मनातल्या मनात कुल्ल्याचे चार भाग पाडून पाहा : नस आतल्या आणि खालच्या बाजूनं जाते. अगदी तान्ह्या बाळाला तर सुई मांडीच्या पुढच्या, बाहेरच्या भागात टोचतात. तेव्हा पुढच्या वेळी रडा हवं तर, पण हलू नका!