परसांतील माती

नव्या घरीं राहावयास आल्यावर आमच्या कुटुंबानें माहेरच्या परसांतून लिंबोणीचें एक रोप आणून लाविलें. दुसऱ्या वर्षीं त्याचीं कोंवळीं पानें पिंवळीं पडूं लागलीं. शिरा मात्र हिरव्याच. पाणी कमी पडत असेल असें समजून आम्ही रोज घागरभर ओतीत गेलों. रोप वाळलें. खड्डा उकरला तों वीतभर काळ्या मातीखालीं बांधकामाचा चुना-सिमेंटचा राडारोडा निघाला! घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं, तेंच अधिक लागलें.

मातींतील चुना ओळखणें अवघड नाहीं. कोरड्या ढेकळावर लिंबाचा रस पिळावा. बुडबुडे फसफसले कीं चुना आहे असें समजावें. अशा मातींत लोह असूनहि मुळांस तें घेतां येत नाहीं, आणि पाणी सांचलें कीं ही व्याधि वाढते. म्हणजे आमची घागर औषध नव्हे, अपथ्यच होतें.

दुसरी परीक्षा बरणीची. उंच कांचेच्या बरणींत तिसरा हिस्सा माती घालून वर पाणी भरावें व खूप हलवून ठेवावी. वाळू मिनिटभरांत तळाशीं बसते, पोयटा कांहीं तासांत. चिकणमातीस दिवस, क्वचित् त्याहूनहि अधिक वेळ लागतो. मग थर पट्टीनें मोजावे. (हें काम नातवंडांस सांगावें.) देशावरची काळी माती काळा फत्तर झिजून झालेली, तींत चिकणमाती पुष्कळदां निम्म्याहून अधिक असते. ती ओल धरून फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते. कोंकणांतील जांभ्याची माती आम्लधर्मी व निचऱ्याची; तिला खतपाणी थोडें थोडें, पण वारंवार हवें.

वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेच्या वृक्षायुर्वेदाध्यायांत सांगितलें आहे कीं, झाडें लावण्यापूर्वीं भूमींत तीळ पेरावे व फुलल्यावर तेथेंच चुरडावे. हा अध्याय आम्हीं अनेकवार वाचला होता, पण समासांपलीकडे लक्ष गेलें नव्हतें! शेतकरी आज तागाचा असाच उपयोग करितात. आम्हींहि राडारोडा काढवून, बाहेरची माती व शेणखत भरून ताग पेरिला आणि सुमारें ४५ दिवसांनीं, फुलोरा दिसतांच, गाडिला. चार-पांच जागची वीतभर खोलीची माती मिसळून, सावलींत वाळवून, अर्धा किलो नमुना तपासणीसहि पाठविला.

नवें रोप त्याच परसांतून आणिलें आहे. आतां बोटानें ओल पाहिल्यावांचून आम्ही त्यास पाणी घालीत नाहीं.